दुसऱ्या परीक्षकाचं नाव

पत्र आलं तेव्हा वृंदा टिवरेकर गुडघाभर चिखलात उभी होती आणि एका भाताच्या रोपाशी बोलत होती. रोपांशी बोलायची तिची खोड केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून शेती सहायक बाळाराम म्हात्रे बांधावर जरा थांबला, बोलणं संपलंसं वाटल्यावर खाकरला आणि म्हणाला की 'उगम'चं पत्र आलंय, पंधरा दिवसांत उत्तर मागितलंय.

खाडीच्या बांधाआड अडीच एकर खार जमीन, तीत रात्या भाताचे बावीस वाफे आणि कडेला पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या. क्षारभात केंद्र म्हणजे एवढंच. राता हे लाल दाण्याचं जुनं भात, खाऱ्या पाण्यातही तग धरणारं. बांधात मधेमधे लाकडी झडपा होत्या. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडी अडवायची, हे त्यांचं काम. गावात त्यांना उघाडी म्हणत. वृंदानं उघाडीच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि बाळारामच्या हातातली चकाकत्या पडद्याची पाटी घेऊन वाचायला लागली. दोन ओळी वाचून ती बांधावर खाली बसली.

पत्रात लिहिलं होतं की २०१५ सालच्या आपल्या लेखातल्या मुख्य विधानाचा उगम आपण नाही. तो दुसऱ्या परीक्षकाच्या अहवालात सापडला आहे. श्रेयाचा वाटा: परीक्षक एकाहत्तर टक्के, लेखिका एकोणतीस टक्के. मान्य आहे की नाही, कळवावे.

साल होतं दोन हजार सेहेचाळीस. वृंदा त्रेसष्ट वर्षांची होती, आणि ज्या लेखावर तिची सगळी ओळख उभी होती तो हाच लेख.

आता 'उगम' म्हणजे काय हे सांगायचं तर जरा मागं जायला हवं. वृंदाच्या तरुणपणी शास्त्रज्ञाची उंची आकड्यांत मोजत. तुमचा लेख किती जणांनी आपापल्या लेखात संदर्भ म्हणून घेतला, ते मोजायचं. तुमच्या वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले, तर तुमचा एच-निर्देशांक वीस. लेख ज्या नियतकालिकात छापला त्याचाही एक इम्पॅक्ट फॅक्टर असे, म्हणजे तिथल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा. खरं तर तो नियतकालिकाचा आकडा, पण माणसं तो आपल्याच कपाळी लावून मिरवत. गावचा पाटील श्रीमंत म्हणून आपणही श्रीमंत, त्यातली गत. मग व्हायचं तेच झालं. तू माझा संदर्भ दे, मी तुझा देतो, असलं साटंलोटं सुरू झालं. पुढं लेख लिहिणारी यंत्रं आली, संदर्भांना पूर आला, आणि त्या पुरात मोजपट्टीच वाहून गेली.

तेव्हा जगभरच्या विद्यापीठांनी मिळून 'उगम' उभारलं. किती जणांनी नाव घेतलं हे ते मोजत नाही. विचार पहिल्यांदा कुठं उगवला, ते शोधतं. प्रत्येक लेखाची ते सुटी सुटी विधानं करतं, आणि प्रत्येक विधान आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्याशी ताडून पाहतं: लेख, प्रबंध, प्रयोगवह्या, पत्रं, आणि अलीकडे परीक्षकांचे अहवालसुद्धा. कारण लेख छापण्याआधी संपादक तो त्याच विषयातल्या दोघातिघांकडे तपासायला पाठवतो, आणि लिहिणाऱ्याला त्यांची नावं कधी कळत नाहीत. पहिला परीक्षक, दुसरा परीक्षक, एवढीच त्यांची ओळख. लेखाच्या शेवटी 'अनामिक परीक्षकांचे आभार' अशी एक ओळ टाकायची आणि मोकळं व्हायचं. तीस वर्षं झाली की हे अहवाल आता कुलपातून बाहेर काढत. एखादं विधान लेखाच्या पहिल्या खर्ड्यात नाही, अहवालात आहे, आणि मग सुधारलेल्या लेखात आलंय, असं दिसलं की 'उगम' त्याचं मूळ अहवालात धरी. यात गूढ काही नव्हतं. नदीच्या काठानं उलटं चालत गेलं की कधीतरी झरा लागतोच.

वृंदाला मात्र आधी आठवला तो राग. त्या परीक्षकावरचा तिचा जुना, मुरलेला राग.

पहिल्या खर्ड्यात तिनं मांडलं होतं की रात्याची मुळं मीठ बाहेर फेकतात, म्हणून ते खाऱ्या पाण्यात जगतं. पहिल्या परीक्षकानं चार ओळींत कळवलं, छान आहे, छापा. दुसऱ्यानं पाच महिने लावले आणि नऊ पानं पाठवली. त्यात त्यानं लिहिलं होतं की तुम्ही सगळी मोजमापं सकाळी अकराला घेतलीत, पण भरती काही कचेरीच्या वेळा पाळत नाही. दर तीन तासांनी, सलग दोन पंधरवडे मोजा. हे रोप मीठ बाहेर फेकत नसावं. मीठ यायच्या आधीच ते दार लावून घेत असावं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कधी येणार, ते त्याला ठाऊक असावं.

दर तीन तासांनी, दोन पंधरवडे. वृंदानं त्याचं नाव खवीस ठेवलं. आणि खवीसाला शिव्या घालायच्या तर हक्काचं माणूस एकच होतं, चारू. चारुशीला विरकर, तिची वसतिगृहातल्या खोलीतली सोबतीण, त्याच प्रयोगशाळेत, त्याच सरांच्या हाताखाली चार वर्षं खपलेली. चारू तेव्हा प्रबंध अर्धा टाकून माणदेशातल्या आपल्या तालुक्याच्या गावी परतली होती. वडील अंथरुणाला खिळले होते आणि तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी चालून आली होती. वृंदा बांधावरून फोन लावी आणि म्हणे की मेल्याच्या घरचं दूध नासो. पलीकडून चारू खळखळून हसे. म्हणे, नुसतं दूध? त्याच्या जात्यात खडा निघो, त्याच्या चुलीत ओलं लाकूड येवो. अशा दोघी त्याला मनसोक्त शिव्या घालत, आणि शेवटी चारू हळूच म्हणे, "पर करून तर बघ की गं. म्हणतोय एवढं तर मोज."

आणि वृंदानं मोजलं. उधाण यायच्या दोन तास आधी रात्याची मुळं मिठाला दार लावत होती. तीच रोपं कुंडीत घालून, खाडीपासून लांब, अंधाऱ्या खोलीत ठेवली, तरी पुढच्या दोन्ही उधाणांना ती तशीच वेळेवर मिटली. समुद्र दिसत नाही, चंद्र दिसत नाही, पण मुळांना उधाण कळतंय. 'भरती-घड्याळ' हे नाव जगभर झालं. उधाण चुकवून पाणी द्यायची रीत त्यातूनच निघाली, आणि सात देशांच्या किनाऱ्यांवर आज त्या रीतीनं भात पिकतं.

पाटीवर अहवालाची नऊ पानं उघडली होती. वृंदा ती वाचत गेली, आणि शेवटी एक दहावं पान निघालं. ते तिनं कधीच पाहिलेलं नव्हतं. परीक्षक दोन भागांत लिहितात, एक लेखकासाठी आणि एक फक्त संपादकासाठी. तो दुसरा भाग लेखकाला कधी दाखवत नाहीत. त्यावर लिहिलं होतं:

'तिसऱ्या उघाडीजवळची मोजमापं वगळायला सांगावीत. तिथे बांधाखाली गोड्या पाण्याचा झरा आहे. लेखक चिडतील, शिव्याही देतील, पण प्रयोग करतील. कृपया त्यांना नकार देऊ नये. मुदत वाढवून द्यावी.'

लेखात तिसरी उघाडी नव्हती. बांधाचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. फक्त आकडे होते. आणि तो झरा जगात दोघींनाच माहीत होता.

एका सकाळी ओहोटीला चारूचा पाय तिथं रुतला होता. दुष्काळी मुलखातली पोर. समुद्र तिनं विसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, पण पाण्याची पारख तिला उपजत. तिनं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि डोळे विस्फारून म्हणाली की हे गोडं आहे. सरांना सांगितलं तर सर हसले, खाडीत गोडं पाणी कुठलं. मग दोघींनी ते आणखी कुणालाच सांगितलं नाही. दमल्या की तिथं जायच्या, ओंजळीनं प्यायच्या. चारू तिच्या आईसारख्या ओव्या रचायची, ओठातल्या ओठात. एक वृंदाला अजून पाठ होती:

*चांद चढतो आभाळी, पाणी चढतं खाजणात*
*कुणी सांगितलं कुणाला, कुणी ठेवलं काळजात*

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक मजकूर होता. लिहिण्याच्या ढबीवरून 'उगम'नं परीक्षक कोण असावा हे चौऱ्याण्णव टक्के खात्रीनं ओळखलं होतं. नाव गुप्त ठेवून त्या व्यक्तीला विचारणा झाली होती, आणि त्या व्यक्तीनं शपथेवर नकार नोंदवला होता. लेखिकेनं स्वतः नाव कळवलं नाही तर परीक्षकाचा वाटा अज्ञात म्हणून नियतकालिकाच्या खाती जाईल. लेखिकेचे एकोणतीस टक्के तिच्याकडेच राहतील.

चारूनं नकार का दिला, हे वृंदाला नियमाचं पुढचं कलम वाचून कळलं. लेखक आणि परीक्षक आधीच्या पाच वर्षांत एका प्रयोगशाळेत असतील तर तो हितसंबंध. परीक्षकानं संपादकाला कळवून बाजूला व्हायला हवं होतं. तसं झालं नसेल तर लेखावर लाल खूण, परीक्षकाच्या नावापुढे 'नियमभंग' असा शेरा, आणि लेखिकेचा वाटा शून्य. केंद्राचं मूल्यांकन वृंदाच्या त्या एका लेखावर तगून होतं. एकोणतीस टक्क्यांत ते कसंबसं पास होई. शून्यात केंद्र बंद, वाफे बंद. आणि सत्तावीस वर्षं जपलेलं रात्याचं बियाणं शहरातल्या मोठ्या संस्थेच्या फडताळात.

म्हणजे गप्प बसलं की सगळं वाचत होतं. चारू गप्प बसलीच होती.

वृंदाला गप्प बसताही आलं असतं, पण तिला दुसरी एक गोष्ट आठवली. सतरा वर्षांपूर्वी चारूच्या विद्यापीठानं बढत्यांसाठी समिती बसवली आणि बाहेरची तज्ज्ञ म्हणून वृंदाला बोलावलं. समोर तक्ता आला. चारुशीला विरकर, अध्यापन उत्तम, संशोधन शून्य. पंधरा वर्षांत एकही लेख नाही. नियमात बसत नव्हतं. वृंदानं तक्त्याखाली सही केली. चारू सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाली. तिनं कधी विषय काढला नाही, आणि वृंदानं त्यानंतर फोन कमी केले. लाजेला माणूस कामाचं नाव देतं. कामं वाढली, असं ती स्वतःला सांगत राहिली.

चौथ्या दिवशी तिनं बाळारामला वाफे सोपवले आणि पहाटेची बस धरली. घाट चढून बस वर आली तशी हवेतली खार गेली, झाडं विरळ झाली. दुपारी ती उतरली तेव्हा पायाखाली मुरूम होता आणि समुद्र दीडशे मैल मागं राहिला होता. एवढ्या कोरड्यात बसून हिनं उधाणाचा विचार केला, या कल्पनेनंच तिचं पाऊल अडखळलं.

चारू ओसरीवर सुपात मटकी निवडत होती. केस पांढरे झाले होते, नजर तीच, सुईच्या टोकासारखी. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "या, घड्याळवाल्या बाई. वाट चुकलासा का?"

मग अकरा वर्षांचं बोलणं अर्ध्या तासात आटोपलं. मुलगी कुठं, जावई कसा, गुडघे कुणाचे जास्त गेले. चारूनं हुलग्याचं माडगं आणून पुढ्यात ठेवलं. वृंदानं ते पिऊन संपवलं, पाटी काढली आणि दहावं पान तिच्यासमोर धरलं.

चारूनं वाचलं. वाचून ती पुन्हा मटकीत बोटं फिरवायला लागली. म्हणाली की कुणीतरी हुशार माणूस दिसतोय. वृंदानं झऱ्याचं विचारलं, तर म्हणाली की झरे काय, कुठल्याही बांधाखाली असतात. वृंदा म्हणाली की कॉलेजच्या तुझ्या अठ्ठावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून यंत्रानं तुझी ढब ओळखली असणार. त्यावर चारू म्हणाली, यंत्राला म्हणावं त्या प्रश्नपत्रिका सोडवून दाखव आधी.

"शपथेवर खोटं बोललीस तू," वृंदा म्हणाली.

"कोण बोललं? मला काय पत्र आलंय का?"

"चारू."

"तुझे वाफे राहतील. बियाणं राहील. माझं काय जातंय? पेन्शन यायची ती येतीय." चारूनं एक खडा शोधून बाहेर टाकला. "आन् समितीचं मनात धरून आली असशील, तर ते काढून टाक. शून्याला शून्य म्हणलीस. त्यात काय खोटं होतं?"

वृंदाला वाटलं होतं की हे आपल्याला सांगावं लागेल, जीभ वळत नसताना सांगावं लागेल. आणि चारूनं ते मटकीतल्या खड्यासारखं सहज उचलून टाकलं होतं. वृंदा म्हणाली, "शून्य नव्हतं. खोटं होतं ते."

मग वृंदानं तिला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, हातही जोडून पाहिले. चारू दगडाची झाली. तो परीक्षक मी नव्हे, आणि असले तरी नव्हे. बाहेर ऊन कलायला लागलं. शेवटी वृंदानं पाटी मांडीवर घेतली आणि उत्तराचा तक्ता उघडला. त्यात तीन रकाने होते. मान्य. नामंजूर. आणि तिसरा, लेखिका लेख मागे घेत आहे.

तिनं शांतपणे सांगितलं की तिसरा रकाना भरते. दुसऱ्याच्या विचारावर तीस वर्षं जगले, आता जगायचं नाही. लेखच मागे घेतला की ना तुझं नाव येणार, ना माझं राहणार, ना नियतकालिकाला फुकटचे एकाहत्तर मिळणार. केंद्र जाईल तर जाईल. आणि तिनं खरंच लिहायला सुरुवात केली. कारण म्हणून लिहिलं की हे विधान माझं नव्हतं.

"थांब," चारू म्हणाली.

वृंदा थांबली नाही. खाली सहीची जागा आली.

मटकीचं सूप ओसरीवर उपडं झालं. चारू उठली होती, आणि तिचा आवाज, तो खळखळता आवाज, फाटला होता. "अगं, माझा पेपर मागं घेणारी तू कोण?"

बोलून गेल्यावर ती तशीच उभी राहिली. मटकीचे दाणे पायरीवरून टपटपत खाली जात होते. मग ती हळूहळू खाली बसली आणि दाणे वेचायला लागली.

नंतर चारूनं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. संपादकाला परीक्षक मिळत नव्हते. सरांबरोबर तिचा एक जुना लेख होता, त्यावरचं नाव बघून त्यानं तिला विचारलं. लेख आला तेव्हा वर नाव नव्हतं, पण दुसऱ्या परिच्छेदात तिला कळलं की ही वृंदी आहे. बाजूला व्हायचं एवढं सोपं होतं. एक बटण होतं. तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी दुसरं बटण दाबलं.

"वडलांचं औषधपाणी, कॉलेजचे तास, घरचं. त्यातनं वेळ काढून मी रोज दोन ओळी लिहायची. पाच महिने. तू म्हणालीस खवीसानं मुद्दाम अडवून धरलंय. अडवलं नव्हतं गं. मला सोडवत नव्हतं ते." तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. "माझा प्रबंध त्याच विचारावर व्हायचा होता. उधाणाच्या आदल्या दिवशी रोपं वेगळी दिसतात, हे मी तेव्हाच बघितलं होतं. गावी मोजायला प्रयोगशाळा नव्हती, खाडी नव्हती. तुझ्याकडं दोन्ही होतं. म्हणलं, विचाराला काय, कुणाच्या का वाफ्यात उगवंना. ओवीला कोण विचारतं कुणी रचली? पर पेपर लिहून झाला तुझा, छापून आला, आन् मी तो कॉलेजच्या वाचनालयात बसून वाचला. खाली लिहिलं होतं, अनामिक परीक्षकांचे आभार. ती ओळ मी बोटानं दहा वेळा वाचली असंल. ते पाच महिने मी शास्त्रज्ञ होते गं, वृंदे."

वृंदानं तिचा हात धरला. बोटांना मटकीची धूळ होती.

मग विषय साधा झाला. तिला नाव हवं होतं. कितीही झाकलं तरी हवं होतं, आणि आता ते दोघींनाही माहीत झालं होतं. चारूनं एकदाच विचारलं की वाफे जातील, कळतंय ना? वृंदा म्हणाली, कळतंय. चारूनं विचारलं की माझ्या नावापुढं नियमभंग लिहितील, त्याचं काय? आणि स्वतःच उत्तर दिलं की लिहू देत, केलाय तर केलाय, नाव तर येईल.

वृंदानं नवं उत्तर लिहायला घेतलं. पण चारूनं पाटी तिच्याकडून ओढून घेतली, चष्मा पुसला आणि वाचून म्हणाली की पहिला परिच्छेद पसरट आहे. दुसऱ्यात 'थोर मैत्रीण' वगैरे काय लिहिलंयस, याला आधार काय? विशेषणं काढ, तारखा घाल. वृंदानं पुन्हा लिहिलं. चारूनं पुन्हा परत केलं. तिसऱ्या खेपेला वृंदा वैतागली आणि ठेवणीतली एक शिवी हासडली, तेव्हा चारू इतकी हसली की तिला ठसका लागला.

शेवटचा रकाना होता, परीक्षकाशी असलेले नाते. यादीतून निवडायचं होतं: सहकारी, नातेवाईक, विद्यार्थी, प्रतिस्पर्धी, इतर. चारू म्हणाली, प्रतिस्पर्धी लिही, जरा रुबाब दिसेल. वृंदानं 'इतर' निवडलं. पुढं मोकळी जागा आली. तिथं तिनं लिहिलं की आम्ही एका खोलीत राहत होतो. चारूनं ते वाचलं. या वेळी तिनं काहीही दुरुस्ती सुचवली नाही. स्वतःचा नकार मागं घेतला, नावाखाली अंगठा टेकवला आणि उत्तर गेलं.

'उगम'ला वेळ लागत नाही. चहा होईस्तोवर लेखाच्या माथ्यावर लाल खूण उमटली. तिच्याखाली, लेखिकेच्या नावाच्याही वर, नवी ओळ आली होती: मूळ विचार, चारुशीला विरकर. पुढं कंसात शेरा. चारूनं शेरा बघितला की नाही कोण जाणे. तिची नजर पहिल्या दोन शब्दांनंतरच्या आपल्या नावावरच थांबली होती. चहावर साय धरली.

पाटी वाजली. बाळाराम होता. तो म्हणाला, मॅडम, आपल्या केंद्राचा आकडा शून्य दाखवतंय, आणि आत्ताच वरून कळवलंय की नव्वद दिवसांत वाफे मोकळे करून द्यायचे. आता काय करायचं? भात काढायचं? वृंदा म्हणाली की काढू नकोस. तिनं बाहेर पाहिलं, लांबच लांब कोरड्या माळाकडे.

चारूनं हात पुढं केला आणि तिच्याकडून पाटी घेतली.

तिनं विचारलं, बाहेरच्या बाजूची मोजणी कुणी करतं का? बाळाराम गोंधळून म्हणाला, कुठली बाहेरची? ती म्हणाली की बांधाबाहेर, खाडीकडच्या अंगाला जे रानटी राता उगवतं, त्याची. ते कुणी लावलेलं नाही, मग त्याचं घड्याळ बांधाआतल्यापेक्षा पुढं आहे की मागं, ते कुणी बघितलंय का? बाळाराम म्हणाला, नाही, कुणीच नाही. चारू म्हणाली की नव्वद दिवस म्हणजे सहा उधाणं. पुष्कळ झाली. परवा अमावास्या आहे. उद्या सकाळपासून दर तीन तासांनी बाहेरच्या पंचवीस रोपांची मुळं बघायची, आम्ही दोघी उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, आणि अकरा वाजता जाऊन येऊन भागवायचं नाही, सांगून ठेवते.

पलीकडे बाळाराम लिहून घेत होता. मग त्यानं अदबीनं विचारलं, "आपण कोण बोलताय, बाई? वहीत कुणाच्या सांगण्यावरून म्हणून लिहू?"

चारूनं वृंदाकडे पाहिलं. घसा साफ केला. एखादी मुलगी पहिल्यांदा वर्गात उभी राहावी तशी ती ताठ झाली, आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

"लिहा. चारुशीला बाबासाहेब विरकर. दुसरी परीक्षक."